नांव आजीचें कीं देशाचें?

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र मध्यंतरीं कॅनडाहून आलें. ती तिकडे टोरांटो शहरीं असते. तिचे यजमान नोव्हा स्कोशिया प्रांतांतील केप ब्रेटन बेटावरचे. त्यांचें मूळ घराणें स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांतून उठून तिकडे गेलेलें. घरांत पहिलें अपत्य होऊं घातलें आहे, आणि मुलगी झाल्यास तिला वडिलांच्या स्कॉटिश पूर्वजांचा मान राहील असें नांव द्यावयाचें, असा उभयतांचा बेत आहे. एका नामावलींतून त्यांनीं आयला, स्काय, आयोना, फिओना व मॅकेंझी अशीं पांच नांवें निवडलीं, आणि 'सर, तुम्हीं आम्हांला स्कॉट आणि बर्न्स शिकविले. यांतलें कोणतें नांव ठेवावें तें तुम्हीच सांगा,' असें तिनें लिहिलें. पत्राच्या शेवटीं, सहज जातां जातां, एक ओळ होती: यांच्या पणजीचें नांव एफी होतें, पण तें फारच जुनाट वाटतें म्हणून यादींत घेतलें नाहीं.

त्या पांच नांवांपेक्षां ही शेवटची ओळच आमच्या मनांत अधिक घोळत राहिली. पूर्वजांचा मान राखावयास निघालेल्या दोन भल्या माणसांनीं, पूर्वजांपैकीं जिचें नांव त्यांस ठाऊक होतें नेमकी तीच एक बाई वगळावी, आणि तिच्या जागीं दोन बेटें, एक मठ, एका लेखकाचें टोपणनांव व एक आडनांव यांस आणून बसवावें, हें आम्हांस मोठें चमत्कारिक वाटलें. आणि हा प्रश्न त्या एका घरापुरता नाहीं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत स्कॉटिश वंशाचीं असंख्य कुटुंबें आहेत. त्यांच्यासाठीं 'अस्सल स्कॉटिश' नांवांच्या याद्या सजवून मांडण्याचा एक उद्योगच होऊन बसला आहे. आणि आमच्या महाराष्ट्रांतील मुलीमुलगे आतां त्या कुटुंबांतून नांदत असल्यामुळें त्या याद्या आमच्या घरांतही येऊं लागल्या आहेत. तेव्हां आमचें म्हणणें प्रथमच स्पष्टपणें सांगून टाकतों. पूर्वजांचा मान राखणें म्हणजे कोणा एका पूर्वजाचा मान राखणें होय. जें नांव आपल्या घरांत कोणीही कधीं धारण केलें नव्हतें, तें कितीही गोड असो व कितीही स्कॉटिश असो, त्यानें देशाची हौस भागेल. घराण्याचा मान राहणार नाहीं.

हें म्हणणें आमच्या पदरचें नव्हे. खुद्द जुन्या स्कॉटलंडचेंच आहे. तेथें मुलाचें नांव ठेवणें ही आवडीनिवडीची बाब नव्हती. तो एक प्रकारचा हिशेब होता. पहिल्या मुलास बापाच्या बापाचें नांव, दुसऱ्यास आईच्या बापाचें, तिसऱ्यास खुद्द बापाचें. त्याचप्रमाणें पहिल्या मुलीस आईच्या आईचें, दुसरीस बापाच्या आईचें, तिसरीस आईचें, अशी सर्वसाधारण चाल होती. कवि रॉबर्ट बर्न्स याचेंच घर पाहावें. त्याच्या बापाचें नांव विल्यम. विल्यमच्या बापाचें नांव रॉबर्ट. म्हणून १७५९ सालीं जन्मलेला थोरला मुलगा रॉबर्ट झाला. आई ॲग्नेस ब्राउन, तिच्या बापाचें नांव गिल्बर्ट. म्हणून दुसरा मुलगा गिल्बर्ट. तिसरा मुलगा झाला तो बापाच्या नांवाचा, विल्यम. आणि पहिली मुलगी ॲग्नेस, कारण आईच्या आईचेंही नांव ॲग्नेसच होतें. ज्या कवीच्या नांवानें आज जगभर स्कॉटिश मंडळी दर जानेवारींत मेजवान्या झोडतात, त्याचें नांव 'स्कॉटिश वाटतें' म्हणून कोणीं ठेवलें नव्हतें. रॉबर्ट नांवाचा एक म्हातारा शेतकरी होऊन गेला होता, म्हणून तें ठेवलें गेलें.

कादंबरीकार स्टीव्हन्सन याचीही गोष्ट अशीच. १८५० सालीं एडिंबरो येथें त्याचा जन्म झाला, तेव्हां त्याचें पूर्ण नांव रॉबर्ट लूइस बाल्फर स्टीव्हन्सन असें ठेवण्यांत आलें. रॉबर्ट हें त्याच्या वडिलांच्या वडिलांचें नांव. बेल रॉक नामक खडकावर भर समुद्रांत दीपगृह उभारणारे प्रख्यात स्थापत्यविशारद तेच. नातू जन्मला त्याच वर्षीं, चार महिने अगोदर, ते वारले होते. लूइस बाल्फर हें आईच्या वडिलांचें नांव. ते कॉलिंटन गांवचे धर्मोपदेशक. म्हणजे एका तान्ह्या मुलाच्या नांवांत दोन आजोबा शेजारीं शेजारीं बसविले होते. पुढें या मुलानें लूइस शब्दाचें लेखन फ्रेंच पद्धतीनें बदललें आणि बाल्फर हें नांव गाळून टाकलें. तो त्याचा अधिकार. परंतु जें गाळावयाचें तें आधीं मिळालेलें तरी होतें.

आमच्या वाचकांस या चालीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, आणि बाजीरावांचे पुत्र पुनः बाळाजी, हें आपल्याकडील शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. नातवास आजोबांचें नांव ठेवावें, आणि सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारूं नये म्हणून मग त्याच नातवास घरांत 'बापू' किंवा 'नाना' म्हणून हांक मारावी, हा प्रकार आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं झालेला आहे. स्कॉटलंडांत मुलगे नसले, अथवा मुलीवरच आजोबांचें नांव चालवावयाचें असलें, तर तें नांवच स्त्रीलिंगी करून घेत: डोनाल्डचें डोनाल्डिना, मर्डोचें मर्डिना, जेम्सचें जेम्सिना, विल्यमचें विल्यमिना. डंडी येथें १८५७ सालीं जन्मून पुढें हार्व्हर्डच्या वेधशाळेंत ताऱ्यांचें वर्गीकरण करणारी विदुषी विल्यमिना फ्लेमिंग हिचें नांव याच घडणीचें. हीं नांवें कानास गोड लागत नाहींत हें आम्ही कबूल करतों. तीं गोड लागावीं म्हणून घडविलींच नव्हतीं. म्हातारा डोनाल्ड विसरला जाऊं नये म्हणून घडविलीं होतीं.

आतां आमच्या विद्यार्थिनीनें पाठविलेल्या पांच नांवांकडे वळूं. आयला हें आयला नांवाच्या बेटावरून घेतलेलें, आणि स्काय हें स्काय बेटावरून. दोन्ही बेटें रमणीय आहेत. परंतु तेथील जुन्या बायकांचीं नांवें मारी, मोराग, कॅट्रिओना अशीं असत. आपल्या लेकीस बेटाचें नांव देण्याची कल्पना त्यांच्या स्वप्नींही आली नसती. कोंकणांतल्या बाईनें मुलीचें नांव देवगड ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार. आयोना हें त्या बेटाचें नांव होय, जेथें ५६३ सालीं संत कोलंबा यानें आपला मठ स्थापिला. गंमत अशी कीं, जुन्या लॅटिन लेखांत त्या बेटाचें नांव 'आयोवा'शीं मिळतेंजुळतें होतें. नकलकारांनीं त्यांतील एक अक्षर चुकीचें वाचलें आणि त्याचें आयोना झालें. म्हणजे हें नांव एका लेखनप्रमादाचें अपत्य आहे. फिओना या नांवाचा प्रसार झाला तो विल्यम शार्प नामक लेखकामुळें. हा गृहस्थ १८९४ पासून 'फिओना मॅक्लाउड' अशा स्त्रीनामाखालीं धुक्यांतल्या, स्वप्नाळू कथा लिहीत असे, आणि हें गुपित १९०५ सालीं तो वारला तेव्हां फुटलें. ज्या काळांत आमच्या विद्यार्थिनीचे सासरचे पूर्वज जहाजांत बसून अटलांटिक महासागर ओलांडीत होते, त्या काळांत त्यांच्यापैकीं एकीचेंही नांव फिओना असण्याचा संभव नाहीं.

राहतां राहिलें मॅकेंझी. हें आडनांव, त्याचा अर्थ 'कॉयनिखचा म्हणजे केनेथचा मुलगा' असा. गेलिक भाषेंत 'मॅक' म्हणजे पुत्र. कन्येस तोच शब्द लावीत नाहींत; तिच्यासाठीं 'निक' असें वेगळें रूप आहे. म्हणून गेलिक बोलणाऱ्या घरांत भाऊ 'मॅक' तर बहीण 'निक' असते. अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरीस मॅकेंझी हें मुलींचें नांव म्हणून अतिशय रूढ झालें, आणि अशा रीतीनें हजारों मुली आपल्या पूर्वजांच्या भाषेंत 'केनेथचा मुलगा' होऊन बसल्या. मुलग्यांकडेही असाच गोंधळ आहे. हेमिश हें नांव सर्वांस अगदीं डोंगराळ, अस्सल वाटतें. वस्तुतः मूळ नांव शेमस, म्हणजे आपला जेम्स. गेलिकमध्यें हांक मारतांना शब्दाचा आरंभ बदलतो. शेमसला बोलावतांना 'हेमिश' असा उच्चार होतो. कोणा परक्यानें आई मुलाला हांक मारतांना ऐकलें आणि तें संबोधनच नांव समजून टिपून घेतलें. मारीचें व्हारी झालें तेंही असेंच. अर्थात् संबोधनाचीं नांवें होणें हें पाप नव्हे. आपल्याकडेही गोविंदा, रामा हीं तशींच झालीं. परंतु जो पुकारा करून 'ही माझ्या पूर्वजांची वाणी' म्हणतो, त्यानें त्या वाणीचें निदान एवढें व्याकरण तरी जाणावें, अशी अपेक्षा गैर म्हणतां येणार नाहीं.

दुसरी एक गोष्ट या याद्या करणारे दडवून ठेवितात. स्कॉटलंड एक देश असला तरी त्याची भाषा एक कधींच नव्हती. उत्तर व पश्चिमेकडील डोंगरांत व बेटांत गेलिक. दक्षिणेकडील व पूर्वेकडील सखल प्रदेशांत स्कॉट्स, जींत बर्न्सनें काव्य केलें. आणि ऑर्कनी व शेटलंड हीं बेटें तर १४६८-६९ पर्यंत स्कॉटलंडच्या राज्यांतच नव्हतीं, तेथें नॉर्स भाषा व नॉर्स नांवें चालत. एअरशायरच्या एखाद्या विणकराचा खापरपणतू जेव्हां आपल्या मुलास 'पूर्वजांच्या स्मरणार्थ' गेलिक नांव देतो, तेव्हां ज्या भाषेचा शब्द त्या विणकरास कळत नव्हता, आणि ती बोलणाऱ्या डोंगरी लोकांस जो बहुधा रानटी समजत होता, त्याच भाषेचा शब्द त्याच्या स्मरणार्थ वाहिला जातो. १८२२ सालीं चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला असतां सर वॉल्टर स्कॉट यानें सखल प्रदेशांतल्या सभ्य गृहस्थांनाही डोंगरी पट्ट्यांचा वेष चढविला, तेव्हांपासून हा घोटाळा चालू आहे. आमच्या मतें स्कॉट हा थोर कादंबरीकार. पण त्यानें एका राष्ट्रास जो समारंभाचा पोशाख शिवून दिला, तो आजपर्यंत प्रत्येक घराच्या खऱ्या कपड्यांवर घातला जात आहे.

येथें कोणी म्हणेल, 'एवढी कठोरता कशास? मुलांचीं नांवें हौसेनें ठेवावयाचीं असतात.' हौसेशीं आमचें भांडण मुळींच नाहीं. फिओना हें नांव आवडलें म्हणून ठेवणाऱ्या आईबापांस आमचा आशीर्वाद आहे. खुद्द स्कॉटलंडचे लोक तेंच करतात: तेथील राष्ट्रीय दफ्तराच्या नोंदीप्रमाणें २०२० सालीं मुलींत आयला हें नांव पहिलें होतें, आणि २०२३ सालीं मुलग्यांत पहिलें आलेलें नांव लूका, म्हणजे इटालियन वळणाचें; मुलींत ऑलिव्हिया. एडिंबरोची आई मुलास लूका म्हणते तेव्हां ती पूर्वजांचा मान राखीत असल्याचा आव आणीत नाहीं. आणि आमचा आक्षेप आहे तो या आवावर. मान हा शब्द उच्चारला कीं ऋण आलें, आणि ऋण फेडावयाचें तर तें ज्याचें असेल त्याचेंच फेडलें पाहिजे.

हें ऋण किती खरें आहे, तें त्या एफी नांवावरूनच दाखवितों. एफी हें युफेमिया या ग्रीक नांवाचें लाडकें रूप समजतात. परंतु गेलिक घरांत ज्या बाईस कागदोपत्रीं एफी किंवा युफेमिया म्हटलें जाई, तिचें घरांतलें खरें नांव बहुधा 'ऑइरिक' हें असे. या दोन नांवांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. चर्चच्या नोंदवह्या इंग्रजींत ठेवीत. लिहिणाऱ्यास ऑइरिक लिहितां येईना, म्हणून एक ठरीव इंग्रजी जोडी घालून दिली होती. तोर्मोद असेल तर नॉर्मन लिहावें, सोर्ले असेल तर सॅम्युएल, गिलॅस्पिक म्हणजे 'बिशपचा सेवक' असेल तर आर्चिबाल्ड. १८५५ सालापासून स्कॉटलंडांत जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सक्तीची झाली, तीही इंग्रजींत. आणि १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यानें शाळा सर्वांस खुल्या केल्या, त्यांत गेलिकला स्थानच नव्हतें. मूल घरांत एका नांवानें जेवी आणि शाळेंत दुसऱ्या नांवानें हजेरी देई. मेंढ्यांसाठीं कुरणें मोकळीं करावीं म्हणून जमीनदारांनीं ज्यांस उठविलें, तीं माणसें जहाजाच्या यादींतही त्या दुसऱ्याच नांवानें चढलीं. १७७३ सालीं 'हेक्टर' नांवाच्या जहाजानें सुमारें दोनशें डोंगरी लोक नोव्हा स्कोशियांतील पिक्टू बंदरीं उतरविले; त्यांच्यामागून पुढें हजारों गेले. घर गेलें, जमीन गेली. पदरीं राहिलें तें तोंडांतलें नांव, आणि तेंही कागदावर निराळें.

नांव घालविणें म्हणजे काय, याचा याहून कठोर दाखला मॅक्ग्रेगर कुळाचा आहे. १६०३ सालीं राजाज्ञेनें हें नांवच बेकायदा ठरविण्यांत आलें. जो तें टाकणार नाहीं त्यास देहान्त शिक्षा. लोकांनीं जिवाच्या भीतीनें मरे, ड्रमंड, ग्रॅहम, कॅम्पबेल अशीं आडनांवें घेतलीं. ज्याच्यावर स्कॉटनें कादंबरी लिहिली तो रॉब रॉयसुद्धां आईकडचें कॅम्पबेल हें नांव लावून वावरला. मधल्या काळांत ही बंदी एकदां उठली व पुनः घातली गेली. ती कायमची रद्द झाली १७७४ सालीं. ज्या देशांत नांवासाठीं माणसें फांशीं गेलीं, त्या देशाचीं नांवें फुलदाणीच्या फुलांप्रमाणें रंग जुळवून निवडण्याचा विषय आहेत काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, बहुतेक कुटुंबांस पणजीचें नांव ठाऊक नसतें. मग त्यांनीं काय करावें? याचें उत्तर: शोधावें. यादी वाचण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून फार लागणार नाहीं. स्कॉटलंडच्या सरकारी मृत्युनोंदींत मृताच्या आईबापांचीं नांवें असतात, आणि आईचें माहेरचें आडनांवही असतें. कारण त्या देशांत लग्न झालें तरी बाईचें माहेरचें नांव दफ्तरांतून पुसलें जात नसे. थडग्यावरच्या शिळेवरही नवऱ्याच्या नांवाखालीं तिचें स्वतःचें आडनांव कोरीत. लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें सुनेचें नवें नांव लिहिणाऱ्या आपल्या समाजानें हें विशेष ध्यानांत घ्यावें. आपल्या कित्येक पणज्यांचीं माहेरचीं नांवें त्या तांदुळांबरोबरच सांडलीं, आणि तीं सांगणारी नोंद कोठें नाहीं. ज्यांच्याकडे नोंद आहे त्यांनीं तरी ती उघडावी.

दुसरा आक्षेप: जुनाट नांवानें मुलास चिडवतील. हा आक्षेप पोकळ नाहीं. युफेमिया हें नांव घेऊन आजच्या शाळेंत जाणें कोणत्याही मुलीस अवघडच. परंतु स्कॉटिश चालींत यावर तोड होतीच. पणजीचें नांव दुसरें ठेवावें, हांक मारावयाचें पहिलें आवडीचें ठेवावें. आजीचें माहेरचें आडनांव मधलें नांव म्हणून घालावें. बाल्फर हें स्टीव्हन्सनच्या नांवांत तसेंच आलें. एलिझाबेथचें एल्स्पेथ होतें, जेनेटचें जेसी होतें; लाडकीं रूपें हवीं तितकीं आहेत. आणि खरें सांगावयाचें तर एफी हें नांव आयलापेक्षां उच्चारावयास तसूभरही कठीण नाहीं. तें जुनाट वाटतें तें केवळ एवढ्याचसाठीं कीं तें कोणाचें तरी होतें.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'सगळेच पूर्वज मान देण्यासारखे असतात काय?' नसतात. जमेकामध्यें कॅम्पबेल आडनांवाचीं माणसें फार मोठ्या संख्येनें आहेत, याचें कारण तेथील उसाच्या मळ्यांवर गुलामांचे धनी म्हणून गेलेले स्कॉटिश लोक. कवि बर्न्स हाही १७८६ सालीं असल्याच मळ्यावर हिशेबनीस म्हणून जावयास निघाला होता. पुस्तक निघालें आणि त्याचें जाणें राहिलें. परंतु हा आक्षेप आमच्या विरुद्ध नसून आमच्याच बाजूचा आहे. बेटाचें नांव घेतलें म्हणजे यांतलें कांहींच पाहावें लागत नाहीं; सगळा वारसा धुऊन पुसून धुकें, डोंगर आणि वाद्यें एवढाच उरतो. एका माणसाचें नांव घ्यावयाचें म्हटलें कीं तो कोण होता, त्यानें काय केलें, हें विचारावें लागतें. आणि विचारल्यावर कधीं कधीं 'हें नांव नको' असेंही म्हणावें लागतें. तें म्हणणें हाही पूर्वजांशीं प्रामाणिक राहण्याचाच प्रकार आहे.

शेवटीं कोणी विचारील कीं, नात्याबाहेरचें नांव ठेवूंच नये काय? अवश्य ठेवावें, फक्त तें कोणाचें तरी असावें. बर्न्सनें स्वतः घराण्याची चाल सोडून एका मुलाचें नांव फ्रान्सिस वॉलेस ठेवलें, तें आपल्या स्नेही मिसेस डनलॉप यांच्यासाठीं. दुसऱ्याचें विल्यम निकल, तें एका मित्रासाठीं. आणखी एकाचें जेम्स ग्लेनकेर्न, तें आपणांस आधार देणाऱ्या अर्लच्या स्मरणार्थ. आमच्या महाराष्ट्रास जवळचें उदाहरण म्हणजे ग्रँट डफ यांचें. मराठ्यांच्या इतिहासाचा हा लेखक बॅन्फ गांवीं जेम्स ग्रँट म्हणून जन्मला. आईकडची ईडनची जहागीर आली तेव्हां त्यानें डफ हें नांव जोडून घेतलें. साताऱ्यास असतांना ज्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखालीं त्यानें काम केलें, त्याचें पूर्ण नांव त्यानें १८२९ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेल्या आपल्या मुलास ठेवलें. हाच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ पुढें १८८१ ते १८८६ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. एल्फिन्स्टनच्या राजकारणाविषयीं आमचें मत कांहींही असो. एका माणसानें दुसऱ्या माणसाचें ऋण कसें नोंदवावें याचा हा नमुना आहे. त्या नांवांत आजोळ आहे, आणि ऐन उमेदींतल्या दिवसांची आठवणही आहे. नामावलींतून असलें नांव निघत नाहीं.

हें सारें लिहितांना आम्हांस आपल्या घरचा आरसा दिसत नाहीं असें नाहीं. संस्कृत वाटणारे, परंतु कोणत्याही कोशांत न सांपडणारे शब्द जुळवून मुलांस देणारे आणि त्यास 'आपली संस्कृति' म्हणणारे आईबाप पुण्यामुंबईंतही कमी नाहींत. त्यांच्याही घरीं कोणी गंगूबाई, कोणी सखाराम होऊन गेलेला असतो. परंतु तो लेख निराळा.

आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं उत्तर लिहिलें तें असें. २०२२ च्या स्कॉटिश खानेसुमारींत गेलिकची थोडीबहुत तरी जाण असलेले लोक अडीच टक्क्यांच्या आसपासच भरले. केप ब्रेटनकडे ती बोलणारे म्हातारे तर बोटांवर मोजण्याइतके उरत चालले आहेत. तेव्हां नांवाचें मागाहून ठरवा. आधीं यजमानांच्या घरांतील सर्वांत वडील बाईपाशीं जाऊन बसा, आणि एफी पणजीला घरांत कोणत्या नांवानें हांक मारीत, तें तिला विचारा. तिनें ऑइरिक म्हटलें, तर तिच्याच तोंडून तो उच्चार दोनचार वेळां ऐकून घ्या आणि कागदावर देवनागरींत लिहून ठेवा. आपल्या लिपींत तो बरा उतरतो. तिनें आणखी कांहीं सांगितलें, ती बाई कशी होती, कोणतें काम करी, कोणत्या गांवाहून आली, तर तेंही लिहून ठेवा. इतकें झाल्यावरही मुलीचें नांव आयला ठेवावेंसें वाटलें तर खुशाल ठेवा, आमची ना नाहीं. मात्र ती मोठी होऊन 'माझें नांव कोणाचें?' असें विचारील, तेव्हां तिला नकाशा दाखवूं नका. तो कागद दाखवा.